कसर

त्या हिरोचं नाव कसर.
लोकरीला लागते, तीच.
सत्तावीस वर्षं मी तिच्याशी झुंजतेय
लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या बांधून, कोटांच्या बगला झटकून,
आणि काएतान म्हणतो, आई, त्याचा पुढचा भाग आलाय.
डाउनलोड करायचा. एकोणऐंशी झ्वोती.

एकोणऐंशी, म्हणजे दोन पँटी आखूड
आणि एका जाकिटाची अडकलेली चेन.
मूळ खेळ नाताळात घेतला, तेव्हा किंमत वाचली नव्हती मी.
या वेळी म्हटलं, बघून सांगते.
बघून म्हणजे?
कापड बघतात तसं. उजेडात धरून, मग उलटं करून.

तिसऱ्या मजल्यावरच्या तिमोनने घेतलाय तो.
गुरुवारी दुकानाची पाटी फिरवली,
खसखशीचा केक आणि जवळचा चष्मा घेऊन वर गेले.
कंट्रोलर उलटा धरला. तिमोन काही बोलला नाही,
चांगल्या घरचा मुलगा.
गच्चीवरून अकरा वेळा पडले.
बाराव्यांदा उडाले.

तर ऐका.
नवे पोशाख चार, पण बेतणी एकच;
रंगाच्या पिंपात बुडवून काढलेत नुसते.
झग्याच्या काठाला वजन नाही,
म्हणून तो पडत नाही, लोंबतो.
खांद्याची शिवण कुठे आहे ते जवळ जाऊन शोधलं;
मागे खलनायक भिंत पाडत होता, पाडू दिली.
मोहिमा जुन्याच, कॉलर उलटवून पुन्हा लावलेल्या.
नवी वस्ती म्हणजे एक गिरणी, तांबड्या विटांची,
आणि दाराशी वाहती नदी.
आमच्या वुचमध्ये नद्या गिरण्यांखाली गाडल्यात,
त्यांची नावं फक्त रस्त्यांना उरलीत.
आणि आत माग चालतात, पण आवाज नाही!
माझी आई विणकर होती.
घरीसुद्धा ओठ मोठे हलवून बोलायची,
आम्हीच बहिरे असल्यासारखी.
हे ज्याने बनवलं त्याला कुणी सांगितलंच नाही.

तिमोन म्हणाला, साडेचार तासांत संपतं.
मी मनात भागाकार मांडला.

मग एका खिडकीत म्हातारी.
तिचा कोट राहिलाय नदीपल्याड, अस्सल लोकरीचा.
तो आणून द्यायचा कसरीने.
जिची भूकच लोकर, तिने.
पडद्याच्या कोपऱ्यात भुकेची पट्टी चढत जाते.
बटण घट्ट दाबलं तर बाही कुरतडली जाते,
सैल सोडलं तर कोट नदीत.
पुलाच्या मध्यावर माझा अंगठा थरथरला.
हा अंगठा, ज्याने लग्नाचे झगे
नवरीच्या अंगावर, वऱ्हाड दारात असताना शिवलेत.

पोचवला. कोपराजवळ एक भोक, मसुराएवढं.
म्हातारीने कोट चढवला,
भोकातून करंगळी बाहेर काढली,
आणि ती करंगळी हलवून मला ओळख दिली.

बारा मिनिटं.
केक कुणी कापलाच नव्हता.

जिने उतरताना हिशोब जुळेना.
एक काज सुरेख झालं म्हणून
अख्ख्या कोटाचे पैसे मी कधी मागितले नाहीत.
मागितले असते, तर?
जन्मभर काटकसर केली,
आणि आज लक्षात आलं,
त्या शब्दातही ती बसलीय, आतून कुरतडत.

काएतान जागा होता.
मग?
म्हटलं, चार तास नुसतं अस्तर आहे, तेही नायलॉनचं.
नोव्हेंबरात सवलत लागेल, तोवर थांब.
पण त्यात एक कोट आहे ना, तो...
आई, शेवट सांगू नकोस!

त्याच्या शर्टाचं बटण लोंबत होतं.
अंगावरच लावायला घेतलं.
अंगावर शिवताना, ज्याचा शर्ट त्याने
दोरा दातांत धरायचा असतो,
नाहीतर अक्कल शिवली जाते म्हणतात आमच्याकडे.
आज मीच धरला.